उपासाचं निमित्त

तेल्हारेवालीला माणसाचं पोट बाहेरून दिसायचं. मैदानावर कुणी दहा पावलं धावली की ही बसल्या जागेवरून सांगायची, "आलुबोंडा खाऊन आली वं थे." विचारलं की खरंच निघायचं. मला तिचा पहिला हेवा वाटला तो इथेच.

पोलीस भरतीच्या तयारीसाठी आम्ही दोघी अकोल्यात एका खोलीत राहायचो. मी धामणगावची, ती तेल्हाऱ्याकडच्या भाजी पिकवणाऱ्या घरातली. पहाटे चारला उठून ती अर्धी शिळी भाकर दुधात कुस्करून खायची आणि पुन्हा झोपायची. साडेपाचला एक केळं, सहाला मैदान. "पोट भरलं असलं का पाय झोपते, अन् रिकामं असलं का पाय रुसते," असं तिचं म्हणणं. हे तिच्या आईकडून आलेलं. ती माउली असंच खाऊन भाजी तोडायला जायची.

शाळेपासून धावण्याची बक्षिसं घेतलेली मी. ही पोरगी आली आणि महिनाभरात माझ्या पुढे गेली. सर शिट्टी वाजवून तिचंच नाव घ्यायचे. माझी आईसुद्धा फोनवर आधी विचारायची, "थे जेवली का?" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

ही खरी गोष्ट लपवते, चोरून पोटभर खाऊनच धावते, अशी माझी खात्री झाली. एका सकाळी तिच्या नकळत मी निघायच्या तोंडावर पिठलं-भाकर पोटभर हाणली. दुसऱ्या फेरीत लिंबाखाली ओकत बसले. ती आपलं धावणं सोडून आली, माझे केस मागे धरून म्हणाली, "आंधी मले इचारलं असतं त काय झालं असतं वं?" तिच्या त्या मायेचा मला उलटीपेक्षा जास्त त्रास झाला.

भरतीचा दिवस नेमका चतुर्थीचा निघाला. आईने बजावलं होतं, उपास मोडू नको. आठशे मीटरला अर्धा तास उरला तेव्हा तेल्हारेवालीने तिच्याजवळच्या दोन केळ्यांतलं एक पुढे केलं.

"खाय. केयं चालते उपासाले."

चालतं हे मलाही ठाऊक होतं. पण तिच्या हातचं खाऊन जिंकायचं? "माहा निर्जळी हाये," मी ठोकून दिलं.

शेवटच्या वळणावर माझे पाय उचलेनात. यादीत तिचं नाव लागलं, माझं नाही, आणि पुढच्या भरतीपर्यंत माझं वय उलटून गेलं. ती ट्रेनिंगला निघाली तेव्हा ताप असल्याचं सांगून मी स्टँडवरही गेले नाही.

आता ती अमरावतीला असते. मी अकोल्यातच मुलींना धावायला शिकवते. कधी काय खायचं ते तिचंच सांगते, तिचं नाव न घेता. परवा तिच्या बहिणीच्या लग्नात तिने मला हाताला धरून नवरदेवाकडच्या मंडळींपुढे नेलं.

"हे माही मैत्रीण. गणपतीवर इतका जीव का भरतीच्या दिवशी पान्याचा थेंब नाई घेतला. नाई त मी इच्या मांगंच राहिली असती."

बायका माझ्याकडे कौतुकाने पाहू लागल्या. एकीने तर हात जोडले. खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण तिच्यापेक्षा मी मोठी ठरले, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मीही हात जोडले.