सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरवर

जवळा बाजारला मी शिकवतो, त्या कॉलेजात एक तरुण प्रोग्रामर बाई एकदाच आली. रेणूंची रचना दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर कुणालाही सहज टाकता यावं, म्हणून ती धडपडत होती. तिनं आमचा सगळ्यात जुना कॉम्प्युटर मागून घेतला. इन्स्टॉल होताना ते सारखं अडकायचं. ती ओढणी मागं सारून पडद्यावर आलेली चूक पुटपुटत वाचायची, दुरुस्त करायची.

"नव्या मशीनवर करा की ताई. काहून एवढी तकलीफ?"

"आमच्या तांड्यावरच्या पोरींना असंच मशीन भेटतं, सर. मी बी अशाच मशीनवर अडकले होते."

संध्याकाळी पाण्याचा रेणू पडद्यावर फिरू लागला. तिनं लगेच ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरून काढून टाकलं.

"आता तुमी टाका. माझ्याबिगर झालं, तरच झालं."

हात पाठीमागं बांधून ती उभी राहिली. मी क्लिक केलं. रेणू फिरू लागला.