वैशालीच्या कढईतलं बुतादोन

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बुतादोन त्याला कितीदा करून वाढलंय, पण पहिल्यांदा ते कुठे केलं, कुणाच्या कढईत केलं — ते नाही. तुम्हाला का सांगतेय? तुमची-माझी ओळख नाही, म्हणून असेल कदाचित.

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत जपानीची दुभाषी होते. पुण्यात ज्याला त्याला कुठलीतरी परदेशी भाषा शिकायची होती, मला ही जमली, आणि कंपनीने सहा महिने जपानात, होक्काइदोला धाडलं. आमचं घर पक्कं शाकाहारी. पहिले पंधरा दिवस भात आणि लोणच्यावर काढले. मग एका दुपारी भुकेने जीव कासावीस झाला आणि समोर आलं ते खाल्लं — डुकराच्या मांसाचे पातळ काप, सोया सॉस आणि साखरेत परतलेले, गरम भातावर. तेच बुतादोन. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

पण कबुली ती नव्हे. खाण्यात काय पाप आहे? थांबा, येते मी तिथे.

परत आल्यावर मी कसब्यात राहायचे, काकूंच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. काकू म्हणजे घरमालकीण, त्या खालीच राहायच्या. घरात अंडंसुद्धा चालायचं नाही. काही महिन्यांनी मी वैशालीला सोबत राहायला आणलं. ती वर्ध्याची, बौद्ध घरातली, आमच्याच कंपनीत नवीन लागलेली. तिला चार ठिकाणी खोली मिळता मिळता राहिली होती. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. करार माझ्या नावावर होता. काकूंनी तिचं पूर्ण नाव विचारलं तेव्हा मी पटकन पाण्याच्या टाकीचा विषय काढला. किती थोर वाटलं होतं मला स्वतःबद्दल.

वैशाली बाहेर मटण खायची, पण घरात कधी काही आणलं नाही तिने. मी बुतादोनचं म्हटलं तर म्हणाली, "इथे नको बाप्पा. नाव माझंच येईल." मी हसले. काहीतरीच तुझं, म्हटलं.

आणि तरी केलं. संकष्टीच्या संध्याकाळी. काकू देवळाच्या रांगेत तासभर अडकतात हे मला माहीत होतं, वैशाली ऑफिसातून यायची होती. कॅम्पातून मांस आणलं, आंबेमोहोराचा भात लावला — तो जरा चिकट होतो, जपानी तांदळासारखा. माझ्या पातळ कढईत साखर करपली असती, म्हणून वैशालीची घेतली. जाड बुडाची, तिच्या आईने नोकरी लागल्यावर दिलेली. खिडक्या बंद, दोन उदबत्त्या, कान जिन्याकडे. उभ्या उभ्या खाल्लं. चव लागली का? आठवत नाही.

कढई मोरीत भिजत घातली आणि जिन्यावर पावलं वाजली. काकू. रांग लहान होती बहुतेक, त्या प्रसाद द्यायला वर आल्या. त्यांच्या मागोमाग वैशाली, खांद्याला पर्स तशीच.

काकूंनी वास घेतला. सरळ मोरीत गेल्या. कढईतल्या पाण्यावर पांढरी चरबी थिजलेली. त्यांनी ती दोन बोटांनी कलती केली आणि काठावर कोरलेलं नाव वाचलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतातच ना — वैशालीच्या आईचं नाव होतं, आडनावासकट. ते आडनाव काकूंनी पहिल्यांदाच पाहिलं. पुढे त्यांना काही विचारायची गरजच उरली नाही.

"मी नाही केलं, काकू," वैशाली म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. नुसती थांबली.

किती वेळ होता माझ्याकडे? पुरेसा होता. एवढंच म्हणायचं होतं — मी केलं. मला काय झालं असतं? काकू चार शब्द बोलल्या असत्या, फार तर आईला फोन गेला असता. मला दुसरी खोली आठवड्यात मिळाली असती. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. तेव्हाही.

मी काय म्हणाले सांगू? नुसती गप्प बसले असते तर एक वेळ — पण नाही. मी काकूंच्या दंडावर हात ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "जाऊ दे ना काकू. परत नाही करणार ती."

वैशाली कढई घेऊन घासायला बसली. माझं उष्टं, माझी चरबी — ती घासत होती आणि मी काकूंनी दिलेला प्रसाद हातात धरून उभी होते.

दोन दिवसांत ती येरवड्याला लांबच्या मावशीकडे गेली. तिथून ऑफिसला दोन बस बदलाव्या लागायच्या. ऑफिसात समोर आली की कामाचं तेवढं बोलायची. तीन महिन्यांनी नोकरी सोडून गेली, कुठे ते मी कुणाला विचारलं नाही.

मी त्या खोलीत आणखी दोन वर्षं राहिले. काकूंचा माझ्यावर फार जीव जडला. दुसरी मुलगी ठेवायची झाली की त्या म्हणायच्या, तूच बघ बाई, तुला माणसं कळतात. मुली यायच्या, कॉटवर बसायच्या. मी पाणी द्यायचे, गाव विचारायचे, आणि मग आडनाव विचारायचे. दोघींना मी सांगितलं, खोली कालच गेली.