चांगली सुकलेली

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, देवापुढेही नीट उच्चारलं नाही. देवाचं बरं असतं — त्याला सगळं ठाऊक आहे म्हणून गप्प राहता येतं. तुम्हाला मात्र पहिल्यापासून सांगावं लागेल.

कारवी पाहिली आहे का तुम्ही? आपल्या सह्याद्रीच्या उतारांवरचं झुडूप, माणसाहून उंच. सात वर्षं नुसता पाला, आणि आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा. लोक हौसेने बघायला जातात. माझे सासरे जात नसत. फुलली की ती मरते — मग उतारभर करड्या काठ्या तेवढ्या उभ्या राहतात. बदलापूरला, हेंद्रेपाड्यात आमचं घर. सासरे लोकांचे कूड बांधून द्यायचे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वर शेणामातीचं लिंपण, झाली भिंत. "जिती तोडलेली कुडाला, फुलून मेलेली चुलीला," असं ते म्हणायचे. मेलेलीला आतून भुंगा लागतो, लिंपण धरत नाही, आणि ठिणगी पडली तर भडकते. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

हरीबाईला नव्हतं. ती फाळणीत सिंधमधून आलेली, विधवा, आपल्या छोट्या लालीला घेऊन निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत राहायची आणि आमच्याकडे पापड विकायला यायची. सासूबाईंचा तिच्यावर भारी जीव. घरदार गेलं तरी हात कसा चालतो बघ, हे त्या तिला नव्हे, मला ऐकवायच्या. माझा हात चालत नव्हता, आणि कूसही उजवली नव्हती. लाली त्यांच्या मांडीवर बसून गूळ खायची. मला ते बघवत नसे. त्या पोरीचा काय दोष? काही नाही. तरी बघवत नसे.

कारवी फुलून गेली त्यानंतरचा उन्हाळा. बराकीत शेजारच्या बिऱ्हाडाच्या आणि हिच्या मध्ये गोणपाटाचा पडदा होता, तिथे हरीबाईला कूड घालायचा होता. सासरे अंथरुणाला खिळलेले, म्हणून काठ्या दाखवायला सासूबाईंनी मला धाडलं. जिती कारवी पलीकडच्या खोऱ्यात होती, तिचा फुलोरा अजून यायचा होता. पण हरीबाई अलीकडच्याच उतारावर थांबली. एक काठी तिने मोडून पाहिली, ती कडकन मोडली.

"सूखी है. अच्छी है ना, बहन?"

सुकं लाकूड ते चांगलं लाकूड, एवढंच तिला माहीत. मी म्हटलं, "हो, चांगली सुकलेली आहे."

खोटं होतं का ते? एक अक्षरही नाही. या वाक्याच्या आडोशाला मी पुढे किती वर्षं बसले! मला हवं तरी काय होतं — तिचा कूड कलावा, सासूबाईंनी एकदा तरी तिला नावं ठेवावीत. एवढंच. एवढंच? ठिणगीचंही मला ठाऊक होतं की.

लिंपण शिकवायला मीच गेले. ओली शेणमाती लागली तशी काठ्यांवर राहिलेली बोंडं तडतडू लागली. कारवीचं बोंड ओल लागली की फुटतं आणि बी उडतं. भिंत बोलते म्हणून लाली टाळ्या पिटत होती. तेव्हा सांगता आलं नसतं का? मी हात धुतले आणि घरी आले.

पावसाळ्यात कुडातून पिठासारखा भुसा गळायला लागला. पापड देता देता हरीबाई ते सांगायची, मी ऐकून घ्यायची. थंडीत लिंपणाचा मोठा पोपडा निसटला, आणि एका संध्याकाळी पलीकडच्या चुलीची ठिणगी उघड्या काठ्यांत गेली. लाली कुडाला टेकून झोपली होती. ती वाचली नाही.

बऱ्याच दिवसांनी हरीबाई आली. पापड नव्हते. सासूबाई तिला जवळ घेऊन रडल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. मग ती माझ्या शेजारी ओसरीवर बसली आणि आपले तळवे उलटेसुलटे करून बघत राहिली.

"तूने तो ठीक सिखाया था," ती म्हणाली. "मेरा ही हाथ कच्चा था ना, बहन?"

तिचा हात कच्चा नव्हता. तसं गुळगुळीत लिंपण मी आमच्या गावातही पाहिलेलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आतून सासूबाईंच्या हंड्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "हो. थोडा कच्चा होता."

तिने मान हलवली. पाण्यासाठीही न थांबता उठली, आणि माझा तेवढा शब्द घेऊन गेली.