काकूचं एक किलोचं वजन

मंडळी, आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझा धंदा प्रोग्रामिंगचा... काही बिघडलं की कोणत्या ओळीत बिघडलं ते आज ना उद्या सापडतंच. हे एक मात्र सापडलेलं नाही.

साधारण २००३ची गोष्ट. आम्ही वर्ध्याला, पिपरी मेघेत राहायचो. आई आणि काकू, दोघी जावा, बाजारात एकाच तराजूवर भाजी विकायच्या. एक किलोचं लोखंडी वजन जिच्या हातात, तराजू तिचा. तिने ते खाली ठेवेपर्यंत दुसरीने हात लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडो! काकू तर मुद्दाम धरून बसायची आणि आईला चिडवायची, "थांब न वो बाई, काऊन घाई करून राह्यली?"

त्या वर्षी काकू गेली. आईने तराजू माळ्यावर टाकला. "आता कोनाशी भांडू?" म्हणाली.

तेव्हा मी एका मंगल कार्यालयासाठी बुकिंगचं वेब अ‍ॅप्लिकेशन लिहीत होतो. कोणत्या तारखा रिकाम्या, हे सर्व्हरच्या मेमरीत एकाच व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एकाच कप्प्यात. खाली काउंटर, वर मालकांची केबिन – दोन्हीकडचे कम्प्युटर त्यालाच विचारणार. एकाच क्षणी विचारलं तर दोघांनाही तारीख रिकामी दिसायची, म्हणजे एकाच मांडवात दोन नवरदेव! म्हणून त्या व्हेरिएबलला लॉक लावायचं. एका थ्रेडचं, म्हणजे एका कम्प्युटरच्या मागणीचं, काम होईपर्यंत दुसरा थांबतो. आईला हे समजावलं तर म्हणाली, "म्हंजे आमचं वजन." कार्यालयातल्या सर्व्हरच्या डब्याचं झाकण खडखडायचं, म्हणून तेच वजन मी त्यावर नेऊन ठेवलं.

काकूने त्याच कार्यालयाला वर्षानुवर्षं भाजी पुरवली होती. आपल्या लेकीचं, सुषमाचं लग्न इथेच व्हावं, एवढीच तिची इच्छा. सुषमाची सोयरीक जमली, पण मुहूर्त एकच निघाला. नंतर मुलगा नोकरीसाठी दूर जाणार होता. ती तारीख हुकली तर काकूची इच्छा राहूनच जाणार होती.

मी काकांना घेऊन काउंटरवर गेलो, तारीख भरली, बटण दाबलं. तेवढ्यात वरून मालक ओरडले, "अबे, तुहा कम्प्युटर काऊन अटकून राह्यला?" इकडे आमची पावती निघाली. मग त्यांच्या स्क्रीनवर उमटलं – तारीख बुक झाली आहे. त्यांच्यासमोर दुसरी पार्टी बसली होती, नेमकी तीच तारीख मागत! काका तिथेच रडले. माझी कॉलर ताठ... माझं लॉक चाललं होतं ना!

लग्न थाटात झालं. पुढे मालकांनी सर्व्हरसाठी नवीन मशीन घेतलं. त्यावर प्रोग्राम टाकून दोन खिडक्यांतून एकदमच एक तारीख मागितली, तर दोन्हींना मिळाली. घाबरून कोड उघडला. त्यात लॉक नव्हतंच! लिहायचं राहूनच गेलं होतं.

जुन्या मशीनवर तोच कोड, तीच टेस्ट... दुसरी खिडकी निमूट थांबली. जुन्या, स्लो मशीनवर अशी चूक लपते, मान्य. तरी आत काय आहे ते बघावं म्हणून झाकणावरचं वजन उचललं, आणि सहज परत टेस्ट केली. दोन्ही खिडक्यांना तारीख! वजन परत ठेवलं... दुसरी खिडकी थांबली. खरं सांगू? भीती नाही वाटली. काकूची फार आठवण आली.

लॉक मी त्याच दिवशी लिहून टाकलं. ते मशीन पुढे भंगारात गेलं, वजन आमच्या घरी आहे. सुषमा माहेरी आली की आधी ते हातात घेते.

इथे जाणकार बरेच आहेत, कोणाला कारण सुचलं तर जरूर सांगा. मला आजवर सापडलेलं नाही. आईला मात्र विचारू नका, तिचं ठरलेलं आहे. मी धापा टाकत घरी येऊन हे सगळं सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लेकीचं लगन होतं न बाबू. तुही काकू काऊन खाली ठेवते वजन?"