साखरेच्या गोदामातली डबल्स

दुपारचे साडेतीन. बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका साखर कारखान्याचं रिकामं गोदाम. मधोमध चुन्याने आखलेलं बॅडमिंटन कोर्ट, वर आठ ट्यूबलाइट, वाऱ्याने शटल वाहू नये म्हणून सगळे दरवाजे बंद, आणि आत घामाने निथळणारी दोन तालुक्यांची माणसं. पुरुष दुहेरीची फायनल सुरू व्हायची होती.

त्या फायनलकडे येतोच. पण हे किस्से गोदामातल्या पोत्यांसारखे असतात. खालचं एक ओढायला जावं तर वरची अख्खी थप्पी अंगावर येते! नव्वदच्या दशकात मी पुण्याच्या एका दैनिकासाठी हे दोन्ही तालुके सांभाळत होतो. ऊस, पाणी, निवडणुका, अपघात, सगळं लिहिलं आणि बरंचसं विसरलो. डबल्सचं मात्र एकेक शटल आठवतं. 'खेड्यात कसलं आलंय बॅडमिंटन' असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पान इथेच मिटावं. आमच्या उपसंपादकालाही तसंच वाटायचं. गल्लीतल्या क्रिकेटला तीन कॉलम आणि आमच्या फायनलला कोपऱ्यातल्या सहा ओळी!

जोड्या दोन. बारामतीकडून सतीश आणि बिरू. सतीश शहरातल्या कापड दुकानदाराचा मुलगा. बिरू मूळचा लोणी भापकरचा, कॉलेजसाठी बारामतीत आला आणि क्लबातच राहिला. दोघांनाही एका बँकेने खेळाडू म्हणून घेतलं होतं. पगार खेळण्याचा!

इंदापूरकडून शेळगावचा पोपट आणि वरकुट्याचा दत्तू. पोपट उंच, मागून स्मॅश मारणारा. दत्तू बुटका, नेटपाशी मांजरासारखा दबा धरून बसणारा. दत्तूच्या घरी ऊस होता, त्याला नोकरीची फिकीर नव्हती. पोपट ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा. राज्य स्पर्धेत एकदा खेळल्याचं प्रमाणपत्र हाती आलं असतं, तर खेळाडूंच्या कोट्यातून त्याला सरकारी नोकरी मिळण्यासारखी होती. पण आमच्या विभागातून राज्याला एकच जोडी जायची, फायनल जिंकेल ती, आणि तीन वर्षं ती बारामतीची जात होती. त्या फायनलच्या साली पोपटची नोकरीची वयोमर्यादा संपत होती. हरला की विषय संपला!

* * *

पोपट आणि दत्तू शिकले ते शेळगावच्या एका खळ्यावर. वारा सुटायच्या आत, सकाळी सहाला. नेट कुठून आणणार? उजनीच्या एका मच्छीमाराने जुनं जाळं दिलं. त्याची भोकं एवढी मोठी, की शटल कधी वरून जायचं तर कधी आरपार! दर रॅलीला भांडण.

"वरून गेलं!"

"भोकातनं गेलं!"

शेवटी गावाने नियम केला. ज्याने मारलं त्यानेच खरं सांगायचं. आणि पोरांनी तो पाळला.

मग बारामतीत पहिली मोठी स्पर्धा. तिसरी गेम, दोन्हीकडे ताण. सतीशचा फटका बाहेर पडला. अंपायरने पॉइंट पोपटला दिला. पोपट हात वर करून म्हणाला, "न्हाय साहेब, माझ्या रॅकेटला लागून गेलं."

अंपायर भडकला. "अंपायर मी आहे की तू?"

"तुमीच हाय की! पण तुमाला दिसलं न्हाय, त्याला मी काय करू?"

पॉइंट गेला, गेम गेली, त्या वर्षीचं सिलेक्शन गेलं. दत्तू दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बरोबर केलंस. पण पुढच्या बारीला जरा हळू आवाजात सांग!"

* * *

आता गुळाचा किस्सा. पिसांचं शटल कोरड्या हवेत तडकतं. दोन स्मॅशमध्ये त्याची पिसं गळतात. म्हणून खेळाडू त्याला वाफ देतात. पुण्यामुंबईला किटलीवर धरतात म्हणे. एका जानेवारीत बारामतीच्या क्लबात स्पर्धा होती आणि शटलचे व्यवस्थापक होते नाना. नाना हिशोबी आणि उत्साही. त्यांच्या मेव्हण्याचं गुऱ्हाळ गावाबाहेर चालू होतं. नानांना वाटलं, तिथे कढईवर दिवसभर वाफ फुकट जातेय! स्पर्धेची सगळी शटलं त्यांनी चाळणीत मांडून रस उकळणाऱ्या कढईवर टांगली.

संध्याकाळी मॅच सुरू झाली. बिरूने सर्व्हिस केली. शटल गेलंच नाही! रॅकेटलाच चिकटलं. अंपायरने फॉल्ट दिला. बिरू म्हणाला, "ह्यात माझी काय चूक?" अंपायरने नियमांचं पुस्तक उघडलं. रॅकेटवर शटल अडकलं तर फॉल्ट, एवढं स्पष्ट लिहिलं होतं. गुळाबद्दल काही नव्हतं.

पुढच्या सर्व्हिसला पोपटचंही तेच. चार रॅलींनंतर कोर्टावर मुंग्यांची रांग लागली. दत्तूने शटल नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं, आणि खुर्चीवरच्या अंपायरला गंभीरपणे रिपोर्ट दिला, "साहेब, पाक कच्चा हाय!"

स्पर्धा एक दिवस पुढे गेली. नाना आजही सांगतात, आयडिया चांगली होती, कढई चुकीची होती.

* * *

मी फायनलच्या आदल्या दिवशी 'कोण जिंकणार' असं छोटं स्फुट लिहायचो. आकडे काढायचो, मागच्या मॅचेस तपासायचो, खेळाडूंच्या खांद्यांची विचारपूस करायचो. आणि मी ज्यांना फेव्हरिट म्हणायचो ते हरायचे! एकदा नाही, सातत्याने. याला माझ्या मते शास्त्रीय कारण काही नाही. पण शेळगावकरांना शास्त्राशी देणंघेणं नव्हतं.

गोदामातल्या फायनलच्या तीन दिवस आधी शेळगावचे चार जण माझ्या घरी आले. चहा झाला. सगळ्यांत मोठे आबा घसा खाकरून म्हणाले, "साहेब, एक विनंती हाय. आमच्या पोरांचं कौतुक करू नका."

"का हो आबा? यंदा पोपट काय खेळतोय! यंदा तुमचीच जोडी..."

आबांनी दोन्ही हात जोडले. "बोलू नका! निस्तं बोलू बी नका! बारामतीचं लिहा. लई भारी हायत म्हणून लिहा. पोराच्या नोकरीचा प्रश्न हाय!"

मी तत्त्वनिष्ठ माणूस. मी म्हणालो, जे खरं वाटतं तेच लिहीन. आणि लिहिलंही, शेळगाव फेव्हरिट! उपसंपादकाने जागा नाही म्हणून ते स्फुट काढून टाकलं. आयुष्यात त्या माणसाला मी एकदाच धन्यवाद दिले.

* * *

लाइनमनची गोष्ट सांगितल्याशिवाय फायनल समजणार नाही. आमच्याकडे रेषेवर बसायला माणूस मिळणं मुश्कील. जो बसायचा तो कुणाचा तरी भाऊ, नाहीतर मावसभाऊ. मग कुणीतरी लोणी भापकरच्या धुळातात्यांना आणलं. तात्यांनी तरुणपणी कळप राखला होता, आता जिरायती शेती. साठी ओलांडलेली, पण नजर अशी, की लांबच्या माळावरचं मेंढरू कुणाचं ते इथून सांगतील.

अंपायरने त्यांना समजावलं, "तात्या, शटल रेषेला नुसतं टेकलं तरी आत धरायचं."

"व्हय. मेंढराचा एक पाय जाळीच्या आत आला की मेंढरू आत. ह्यात काय शिकायचं?"

पहिल्याच मॅचला एका खेळाडूने त्यांच्याशी वाद घातला. बोटभर बाहेर होतं, तुम्हाला दिसलं नाही, वगैरे. तात्या शांतपणे म्हणाले, "पोरा, लांडगा अंधारात बघितलाय मी. तुझं पांढरं फूल मला उजेडात दिसंना व्हय?"

त्यानंतर दोन्ही तालुक्यांत तात्यांचा शब्द म्हणजे शब्द. अडचण एकच होती. तात्या हे बिरूचे सख्खे मामा!

* * *

तर, दुपारचे साडेतीन. इंदापूरच्या बाजूने आरडाओरडा सुरू. "मामा लाइनवर नको! मामा उठवा!" बारामतीकर म्हणत होते, "दुसरा आणा मग! हाय का कुणी?" आयोजक घामाघूम. तात्या खुर्चीवर बसूनच होते, जणू भांडण दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय.

पोपट कोर्टातून म्हणाला, "राहू द्या तात्यांना. मला चालतंय."

आबांनी कपाळावर हात मारला. "ह्याला चालतंय म्हणं! ह्याला काय चालत न्हाय!"

तेव्हा गेम पंधराची असायची आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट. त्यामुळे एक पॉइंट मिळवायला कधी दहा-दहा मिनिटं जायची. पहिली गेम बारामतीने घेतली. दुसरी शेळगावने. तिसरीत काय सांगू! बिरू आणि पोपट एकमेकांवर स्मॅशचा मारा करत होते, दत्तू नेटवर उड्या घेत होता, सतीशच्या सर्व्हिसेस नेटची पट्टी चाटून जात होत्या. पत्र्याखाली भट्टी पेटली होती आणि एकही माणूस जागचा हलत नव्हता. बारा-बारा. तेरा-बारा. मग चौदा-बारा, शेळगावच्या बाजूने, सर्व्हिस पोपटची.

रॅली लांबली. किती फटके झाले मी मोजले नाहीत, माझी पेन्सिल केव्हाच हातातून पडली होती. शेवटी बिरूने उंच लॉब टाकला. पोपट मागे सरकला, उडाला आणि सगळं अंग घालून स्मॅश मारला. शटल बाजूच्या रेषेकडे गेलं. बिरूने ते बाहेर जातंय असं समजून सोडून दिलं.

शटल तात्यांच्या पायापासून हातभर अंतरावर पडलं होतं.

तात्यांनी उजवा हात रेषेकडे केला. "आत."

बिरू ओरडला, "मामा!"

"मामा घरी," तात्या म्हणाले. "हितं रेघ हाय."

मग जे झालं ते मी शब्दांत पकडू शकलेलो नाही. पोपटला लोकांनी खांद्यावर घेतलं, दत्तूला पोत्यासारखं पाठीवर टाकलं, आबा माझ्या गळ्यात पडून रडत होते, आणि बिरू, तो हरलेला बिरू, गर्दीतून वाट काढत पोपटपर्यंत गेला आणि म्हणाला, "जा आता राज्याला! आणि पयल्या राउंडला हरलास तर बारामतीतनं जाऊ देणार न्हाय!"

दुसऱ्या दिवशी बातमी आली. सहा ओळी. पण नावं बरोबर होती.

* * *

राज्य स्पर्धा दूरच्या एका शहरात होती. सतीशच्या वडिलांची जीप होती, म्हणून चौघेही तिच्यातूनच गेले. सतीश आणि बिरू मॅच बघायला, पोपट आणि दत्तू खेळायला. मीही मागे बसलो होतो. वाटेत पोपटने नवे बूट तीन वेळा काढून घातले.

हॉलच्या दारात टेबल. टेबलामागे एक गृहस्थ, समोर यादी. पोपटने नाव सांगितलं. गृहस्थांनी बोट फिरवलं.

"नाही."

"नीट बघा की साहेब."

"तुमच्या विभागातून सतीश आणि बिरू."

बिरू पुढे झाला. "बिरू मीच. पण आमी हरलोय साहेब! ह्यांनी जिंकलंय."

"हरल्याचं काही लेखी आहे?"

सतीशने खिशातून माझ्या सहा ओळींचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. गृहस्थांनी ते वाचलंही नाही. "पेपरात काय, काहीही येतं!"

मी त्यांना काय बोललो ते इथे छापता येणार नाही. त्याचा उपयोगही झाला नाही. यादीवर निवड समितीची सही होती, आणि सही आली की खोडाखोड चालत नाही. बिरूने शेवटचं विचारलं, "आमचं खोडून त्यांचं घालणारच न्हाय का तुमी?"

"नियमात नाही."

"मग आमी बी नियमात न्हाय!"

दुपारी कोर्ट नंबर दोनवर बारामतीच्या जोडीचा तीनदा पुकारा झाला. सतीश आणि बिरू गॅलरीत पोपट-दत्तूच्या शेजारी शेंगा सोलत बसले होते. जागचे उठले नाहीत. समोरच्या जोडीला वॉकओव्हर मिळाला आणि आमच्या विभागाचं त्या वर्षी राज्यात नावच लागलं नाही. पोपट एवढंच म्हणाला, "बिरू, शेंगा खारट हायत." त्याच महिन्यात कारखान्याचं गळीत सुरू झालं आणि तो ट्रॅक्टरवर गेला.

स्पर्धेच्या त्याच संध्याकाळी मी टेबलापाशी परत गेलो आणि ती यादी मागून घेतली. नावं टाइप केलेली होती. खाली सही, सहीखाली जावक क्रमांक, आणि क्रमांकाशेजारी तारखेचा शिक्का. मी खिशातल्या कॅलेंडरशी तो पुन्हा पुन्हा पडताळून पाहिला. निवड समितीच्या प्रत्येक सदस्याला नंतर पत्र लिहिलं, दोघांना घरी जाऊन विचारलं. आजतागायत उत्तर नाही.

गोदामातली फायनल रविवारी झाली. यादीवरचा शिक्का त्याच्या आधीच्या शुक्रवारचा आहे.