साडूभाऊच्या सिनेमात कोणी मरत नव्हतं

इंग्रजी सिनेमा समजावून सांगण्यात आमच्या साडूभाऊचा हात धरणारा माणूस अख्ख्या अकोल्यात नव्हता. इंग्रजी त्यायले अजिबात येत नव्हतं. हे मले लय उशिरा समजलं, कारण मी दुसरीत शाळा सोडलेला. माझ्यासमोर कोणी तेलुगू बोलून इंग्रजी म्हणून खपवलं असतं तरी मी मान डोलावली असती.

दर रविवारी सकाळी टाकीजमध्ये इंग्रजी सिनेमा लागे. साडूभाऊ सायकलचं दुकान बंद करत, काळी टोपी झटकत, अन् सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसत. बसत म्हणजे कसे, तर पडद्याकडे पाठ अन् पब्लिककडे तोंड. मधातच मान वळवून पडद्यावर एक नजर टाकायची अन् तेवढ्यावर लंबी गोष्ट सांगायची. मालकानं त्यायले तिकीट माफ केलं होतं, कारण साडूभाऊ नसले की पुढचे बाक रिकामे राहत. त्या बाकांवर कापसाच्या जिनिंगमधल्या बाया, हमाल, अन् दर्यापुरावरून पाहुणा म्हणून येऊन हलायचं नाव न घेणारा मी. पडद्यावर गोरा साहेब मॅडमच्या तोंडाजवळ तोंड नेऊन राहिला, की साडूभाऊ सांगत, "तिची दाढ दुखून राहिली, पाहून राहिला बिचारा." बाया पदरात तोंड घालून हसत. मी मात्र घरी येऊन बायकोले म्हटलं, "इंग्लंडमध्ये दातांचे लय हाल हायत." ती अजूनही चारचौघांत हे सांगते.

त्यायचा एकच नियम होता, आपल्या सिनेमात कोणी मरायचं नाही. घोड्यावरून माणूस पडला, तर "पाय घसरला." अख्खं जहाज बुडालं, तर "सगळे पोहून पूर्णा नदीच्या काठाले लागले." एकदा मी इचारलं, "साडूभाऊ, समुद्रातून पूर्णा कशी आली?" ते म्हणाले, "तुमाले पोहता येते का? नाही ना? मंग पोहणाऱ्याले काहून अडवता?"

चीनसोबत लढाई झाली त्या हिवाळ्यात त्यायचा एकुलता एक पोरगा फौजेत होता, अन् त्याची काही खबर नव्हती. साळीनं, म्हंजे पोराच्या मायनं, जेवण सोडल्यासारखंच केलं होतं. साडूभाऊ दुकानात बसत, पण फुटलेली ट्यूब हातात घेऊन नुसते पाहत राहत. मी त्यायचं मन रमवाले म्हणून रविवारी ओढून टाकीजमध्ये नेलं. सिनेमा कोणता हे पाहायची अक्कल मले कुठून राहणार?

सिनेमा निघाला लढाईचा. एकाच देशातले लोक एकमेकांवर बंदुका रोखून राहिले, अन् एक पेपरवाला गळ्यात कॅमेरा घालून त्यायच्या मधात. साडूभाऊनं मान वळवून पाहिलं, मंग म्हणाले, "धुऱ्याचं भांडण हाय, वावराच्या बांधाचं, बाया हो. भाऊ-भाऊच हायत. हा फोटो काढून राहिला कोर्टात दाखवाले." तोफ उडाली तर, "गावाची जत्रा हाय." शिपाई धडाधड पडले तर, "दमले, सावलीत लेटले." आवाज नेहमीचाच होता, पण हातातली टोपी त्यायनं पिळून पार चिंधी करून टाकली होती.

शेवटी पेपरवाल्याले गोळी लागली. साडूभाऊनं मान वळवून पडदा पाहिला, अन् मान परत फिरलीच नाही. पोरगा पुढं उन्हाळ्यात धडधाकट घरी आला, पण त्या रविवारी हे कोणाले ठाऊक होतं? सगळे बाक त्यायच्या फिरलेल्या मानेकडे पाहून राहिले. मले वाटलं, आता घरची अब्रू आपणच वाचवावी. मी उभा राहिलो.

"घाबरू नका बाया हो! तो... थकला तो. झोपला. त्याची बायको भाकर घेऊन निघाली हाय!"

तेवढ्यात पडद्यावर कोणीतरी त्याच्या तोंडावरून चादर ओढली.

"पाहा, थंडी वाजून राहिली त्याले!"

कोणी हसलं नाही. बाजूले बसलेल्या जिनिंगमधल्या शेवंताबाईनं माझा सदरा धरून मले खाली ओढलं.

"बसा ना भाऊ खाली. मेला तो, आमाले काय डोळे नाहीत? ते सांगत तवा मेलेला बी उठून बसे. तुमच्या तोंडून नाही जगत कोणी."