शेजाऱ्याचा पॉवर ब्रेक

ती घटना मला आजही आठवते, आणि खंडेनवमीला तर हमखास आठवते. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फौजदार होतो. खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण माणसाच्या पोटातली जळजळ इतक्या जवळून दुसऱ्या कुठल्या प्रकरणात पाहिली नाही. नावं सांगत नाही. एकाला कारकून म्हणतो, दुसऱ्याला फिटर. दोघं शेजारी होते.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही बंदोबस्ताच्या तयारीत असताना सिव्हिल हॉस्पिटलातून फोन आला. अक्कलकोट रस्त्यावर एक जुनी मोटार लिंबाच्या झाडावर आदळली होती. गाडी कारकुनाची. त्याच्या कपाळाला टाके पडले होते आणि शेजारी बसलेल्या बायकोचा उजवा हात मोडला होता. मी जबाब घ्यायला गेलो, तर हा खाटेवर उठून बसला.

"साहेब, माझ्या शेजारच्या फिटरनं ब्रेकचा पाइप सोडला. मला मारायचंच होतं त्याला. तो जळतो माझ्यावर."

जळण्यासारखं काय होतं ते गल्लीत चौकशी केल्यावर समजलं. फिटर गिरणीच्या वर्कशॉपात कामाला होता आणि गल्लीतल्या शिलाई मशीनपासून स्कूटरपर्यंत सगळ्या यंत्रांचा तोच डॉक्टर. कारकून सुट्टीच्या दिवशी त्याच्याजवळ बत्ती धरून उभा राहायचा, विचारून विचारून शिकायचा. मग त्यानं ही मोटार घेतली. तिचा ब्रेक असा की थांबवायचं तर सगळं अंग पायावर टाकावं लागे. कारकुनानं भंगारातून एका मोठ्या गाडीचा व्हॅक्युमचा डबा आणला आणि घरच्या अंगणात, ताडपत्री बांधून, स्वतःच्या हातानं बसवला. इंजिनाकडून आलेला एक रबरी पाइप त्या डब्यातली हवा ओढतो, त्यामुळं पायाला जोर मिळतो आणि ब्रेक लोण्यासारखा लागतो. ताडपत्री निघाली तेव्हा सगळी गल्ली रांग लावून ब्रेक दाबून गेली. फिटरला तेवढं बोलावणं नव्हतं. ताडपत्रीही त्याच्याच बाजूनं बांधलेली होती. हा कारकूनही काही साधा नव्हता.

गाडीचा पंचनामा केला. रबरी पाइप डब्यापासून निसटून लोंबत होता. कापलेला नव्हता. त्याच्यावरची लोखंडी क्लिप जाग्यावर होती, पण इतकी सैल की बोटानं फिरत होती. पाइप निसटला की ब्रेक जात नाही, दगडासारखा कडक होतो. कारकुनाच्या पायाला आता हलक्या ब्रेकची सवय, म्हणून तो घाबरला आणि गाडी झाडावर गेली. क्लिप मी स्वतः आवळली होती, असं तो शपथेवर सांगत होता.

संध्याकाळी अंगणासमोरच्या चहावाल्यानं मला बाजूला घेतलं. हा आमचाच माणूस, अधूनमधून खबर द्यायचा.

"काल खंडेनवमीला दुपारी समदी गल्ली जेवून झोपली हुती, साहेब. तवा फिटर बॉनेट उघडून आत वाकला हुता. मी डोळ्यांनी बघितलंय की."

फिटरला उचलून आणला. बॉनेट उघडलंस का? गप्प. क्लिप सैल केलीस का? गप्प. दमात घेतलं, चहा पाजला, परत दमात घेतलं. शेवटी मी म्हणालो, "खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावतोय. नोकरी जाईल, कित्येक वर्षं आत जाशील. बाहेर तुझी बायको सणाच्या साडीतच उभी आहे, बघ." त्यानं मान वर केली आणि एवढंच म्हणाला, "लावा."

गुन्हेगार सुटण्यासाठी खोटं बोलतो. हा खरं सांगण्यापेक्षा तुरुंगात जायला तयार होता. मला ते काही झेपेना.

मी डोकं धरून बसलो होतो. समोर भिंतीशी आमच्या बंदुका मांडलेल्या होत्या, आदल्या दिवशीच्या पूजेची झेंडूची फुलं अजून त्यांच्यावर होती. एका शिपायानं बंदूक हलवली म्हणून हवालदार त्याच्यावर डाफरला, "पूजेतलं हत्यार आहे, सीमोल्लंघन होऊ दे आधी." तेव्हा डोक्यात उजेड पडला. खंडेनवमीला गल्लीतल्या कुठल्याही घरात पाना नाही की पेचकस नाही, सगळी हत्यारं पाटावर हळदीकुंकवात. मारायचं असतं तर याच्यासारख्या कारागिरानं पाइप ब्लेडनं कापला असता. इथं कुणीतरी पाइप काढून परत बसवला होता, आणि क्लिप हत्याराशिवाय जमेल तेवढीच आवळली होती.

मग मी एक थाप मारली. "सुटलास. गाडी तपासणारे साहेब म्हणतात, कारकुनाचं कामच कच्चं होतं. क्लिप त्यानंच सैल ठेवली. जा घरी."

त्याला हवं ते सगळं मी ताटात वाढून दिलं होतं. सुटकाही आणि शेजाऱ्याची फजितीही. तो उठला, दारापर्यंत गेला, चपलेत पाय घातला आणि तसाच परत आला.

"कच्चं कोण म्हणलं?"

"साहेब म्हणाले."

"त्यांना काय कळतंय. लई चोख काम हाय, साहेब. मी उघडून बघितलंय." आणि खाली बसून तो रडायला लागला.

मग सगळं बाहेर पडलं. त्या पाइपमधून हवा एकाच बाजूनं कशी जाते, ते त्याला बघायचं होतं. पेचकस पूजेत, म्हणून जेवणाच्या ताटातला चमचा घेऊन गेला. चमच्याच्या दांडीनं क्लिप सैल झाली, पण आवळताना चमचा वाकला. दसऱ्याला सोनं वाटून झालं की गुपचूप पेचकस लावून येणार होता. "आदी कुठंबी जायचं तर मला सांगून जायचा. ह्या बारीला सकाळीच निघाला, सांगितलंच न्हाय."

"अरे, मग त्यालाच विचारायचं होतंस, कसं बसवलं म्हणून."

"त्याला इचारू? त्यानं माज्याजवळ बत्ती धरली, साहेब. त्याला काय तोंडानं इचारू?"

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात जाऊन कारकुनाला हे सांगितलं. शिव्यांची वाट बघत होतो. तो हळूच म्हणाला, "उघडून बघितलं त्यानं? काय म्हणाला?"

"लई चोख काम आहे म्हणाला."

"तो म्हणाला असं? तोंडानं?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "साहेब, दोघांनाबी आत टाका. हात माझा मोडलाय, आणि ह्यांना शाबासकी ऐकायचीय."

खुनाच्या प्रयत्नाचं कलम मी लावलं नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा फिटरनं कोर्टात कबूल केला आणि दंड भरून तो सुटला. नोकरी वाचली. बाईच्या म्हणण्याला कायद्यात जागा नव्हती, पण खरा तपास तिनंच केला होता असं मी मानतो. तोवर कुठलंही प्रकरण हातात आलं की मी पहिलं विचारायचो, याचा वैरी कोण. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारू लागलो, याला कौतुक कुणाचं हवं होतं. बहुतेक वेळा दोन्हीकडे एकच नाव निघालं.